गार्डसाहेबांची उत्तरपत्रिका

नाही, मी युरोप पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण झाशीच्या एका कॉलेजात उभा जन्म युरोपचा इतिहास शिकवला म्हटलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडतो की जणू मीच त्याला फसवलं. अहो, मुघल शिकवणारे आमचे सहकारी तरी कुठे बादशहाच्या पंक्तीला जेवून आले होते?

माझा युरोप म्हणजे फळ्यावर खडूने ओढलेल्या दहा-बारा रेघा. डोळे मिटून काढीन. इटलीचा बूट सगळ्यांनाच येतो, पण नॉर्वेचा दातेरी किनारा एका दमात काढायला हात लागतो, आणि तो मला होता. पेपरचं नाव ‘मध्ययुग ते आधुनिक युग’. म्हणजे हजार वर्षं, आठवड्याला तीन तास, मध्ये होळी, दिवाळी, संप आणि निवडणुका. वर्गात लग्न ठरेपर्यंत बसलेल्या मुली आणि वकिली करायची म्हणून आलेली मुलं. त्यांना सरंजामशाही काय सांगणार? मी रेल्वे कॉलनीचं उदाहरण देई. मोठ्या साहेबाचा बंगला, त्याला आंब्याची झाडं. त्याच्याखालच्याचा बंगला, झाडं कमी. मग बाबूंच्या चाळी, मग खलाशांच्या, म्हणजे अंगमेहनतीच्या गड्यांच्या, खोल्या. प्रत्येकाने वरच्याला सलाम करायचा आणि खालच्याकडून घ्यायचा, आणि घर कुणाचंच स्वतःचं नाही, चाकरी आहे तोवर. हे त्यांना लगेच कळे. जर्मनी एक होण्याआधी तिथे शेकडो लहान राज्यं होती, हे सांगताना तर मला युरोपात जायची गरजच नव्हती. दतिया, ओरछा, समथर, ही झाशीभोवतीची छोटी संस्थानं. पूर्वी गाडीत डुलकी लागली तर माणूस एका रियासतीत निजून दुसरीत उठे.

याचे परिणामही भोगले. फ्रान्सच्या त्या पराभूत सम्राटाला शेवटी कुठे पाठवलं, या प्रश्नाला एका मुलाने ‘कालापानी’ असं उत्तर लिहिलं. मी अर्धा गुण दिला. बेट तर होतं. (नावं मुद्दाम टाळते आहे. दिवाळीच्या फराळासोबत कुणाला परीक्षा नको.)

पण मला आज एकाच विद्यार्थ्याबद्दल लिहायचं आहे, आणि ते लिहायला मी फार वर्षं लावली.

आधी माझ्याबद्दल थोडं. आमचं घराणं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कारकुनी करायला दक्षिणेतून इकडे आलं आणि इथलंच झालं. मी लग्न केलं नाही. का, ते इथे महत्त्वाचं नाही. लक्ष्मी ताल या तळ्याच्या बाजूला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे आई आणि मी. आई दोन चुलींच्या स्वयंपाकघराला शेवटपर्यंत राजवाड्यातल्यासारखं मुदपाकखाना म्हणत असे. आई गेली आणि घरातलं मराठीच संपलं. भाऊ ग्वाल्हेरला. त्याच्या मुलांशी मी मराठीत बोलले तर त्यांना सगळं कळे आणि उत्तर येई, ‘हाँ बुआजी, ठीक है.’ कॉलेजात हिंदी, बाजारात बुंदेली, फळ्यावर युरोप. महिनेच्या महिने असे जात की माझ्या तोंडून मराठी शब्द बाहेर पडे तो फक्त दूध उतू गेल्यावर. मला एकटं वाटे. हे कुणाला सांगायची पद्धत नव्हती, म्हणून कधी सांगितलं नाही.

आई गेल्याच्या पुढच्याच वर्षी भास्कर नेहेते आले. मालगाडीचे गार्ड. चाळिशी ओलांडलेले, अंगाने सडसडीत, बुटांना पॉलिश. बाहेरून बी.ए.ला बसायचंय, युरोपचा पेपर कुणी शिकवत नाही, असं हिंदीत म्हणाले. मी नाव विचारलं, गाव विचारलं. भुसावळजवळचं निघालं. मी म्हटलं, ‘मग बसा की, उभे का?’ त्यांनी चमकून पाहिलं. त्या मिनिटापासून मी मैडमजीची ताई झाले, आणि आमचं सगळं बोलणं मराठीत सुरू झालं. त्यांना माझं मराठी ऐकून हसू येई. मुदपाकखाना ऐकून तर ते पोट धरून हसले होते.

पदवी त्यांना मिरवायला नको होती. त्यांची बायको आणि मुलगी गावी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईपाशी. झाशीत नगरा वस्तीत एका खोलीत हे एकटे. गावाजवळ रेल्वेची प्रशिक्षण शाळा होती. तिथे नव्या गार्डांना नियम शिकवणाऱ्या मास्तराची जागा निघणार होती. त्यासाठी पदवी हवी आणि वय पंचेचाळीसच्या आत. यांच्यापाशी परीक्षेची एकच संधी होती. पास झाले तर घरी, नाही झाले तर ब्रेकव्हॅन.

गार्डाचं काम बाहेरच्याला माहीत नसतं. मालगाडीच्या शेवटी एक डबा असतो, तोच ब्रेकव्हॅन, त्यात तो एकटा. इंजिन पुढे अर्ध्या मैलावर. बोलायला कुणी नाही. हातात हिरवी-तांबडी झेंडी, आणि एक वही. कुठल्या स्टेशनात गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, का थांबली, हे सगळं त्या वहीत लिहायचं. स्वतः पाहिलं तेवढंच. ऐकीव काही नाही. आणि प्रत्येक नोंदीखाली वेळ टाकून सही. काही झालं तर चौकशीत ती वहीच बोलते. कोळशाच्या इंजिनांचे दिवस होते. मेल-एक्स्प्रेस सोडायला मालगाडी एरच रोड स्टेशनात नाहीतर आणखी कुठे दोन-दोन तास बाजूला घालून ठेवत. गार्डसाहेब तिथे भर दुपारी ब्रेकव्हॅनच्या पायरीवर बसून माझ्या नोट्स वाचत. मोठ्याने. म्हणजे आवाज तरी होतो, म्हणत.

ते कधी येतील ते ठरलेलं नसे. रेस्ट मिळेल त्या दिवशी. त्यामुळे मी रोज वाट पाही. सकाळी चहाचं आधण जरा जास्त ठेवी.

विद्यार्थी म्हणून मात्र माणसाने माझ्या नाकी नऊ आणले. युरोपात धर्मसुधारणा कशी झाली, हा माझा हातखंडा धडा. जर्मनीतला एक मठवासी, पापाची माफी विकणाऱ्या धर्मपीठावर चिडलेला. आपले आक्षेप लिहून तो कागद चर्चच्या दारावर ठोकतो. इथे मी डस्टर टेबलावर तीनदा आपटत असे. वर्ग गप्प होई. कित्येक वर्षं आपटलं होतं. गार्डसाहेबांनी डस्टरची धूळ बसू दिली आणि विचारलं, ‘ठोकताना कुणी पाहिलं, ताई?’

मी म्हटलं, पुस्तकात आहे.

‘पुस्तक लिहिणारा तिथं होता?’

मला राग आला. आता इतकं कोण बघतो! पण डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या उन्हाळ्यात मी लखनौला जाऊन ग्रंथालयात चार दिवस घालवले. दाराची गोष्ट पहिल्यांदा लिहून ठेवली ती त्याच्या एका मित्राने, तीही तो मठवासी गेल्यावर, आणि हा मित्र त्या काळात त्या गावात राहतही नव्हता. कागद लिहिला, पाठवला, छापला, त्याने युरोप हलला, हे सगळं खरं. दाराबद्दल विद्वानांचं अजून एकमत नाही. मी परत आले आणि गार्डसाहेबांना म्हटलं, पाहिलेला साक्षीदार मिळत नाही. ते खूश झाले नाहीत की काही नाही. ‘मग तसंच लिहायचं,’ एवढंच म्हणाले. मी त्यांना बजावलं, हे बघा, परीक्षेत दार ठोका. तपासणाऱ्याला दार हवं असतं. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिलेल्या इटलीतल्या म्हाताऱ्याला धर्मपीठापुढे गुडघे टेकावे लागले, तुम्ही तर प्रायव्हेट उमेदवार. ते हसले, पण कबूल झाले नाहीत.

एकदा मी त्यांना मला वाटतं ते सांगितलं, नोट्समध्ये नसलेलं. मध्ययुगातला माणूस गरीब होता, घाणीत होता, पण एकटा नव्हता. गाव, कारागिरांची पंगत, चर्चची घंटा, सगळं सगळ्यांचं. मग छापखाना आला आणि माणूस कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाचू लागला. मग तो देवाशी मध्यस्थाशिवाय बोलू लागला. मग गाव सोडून गिरणीच्या भोंग्यावर उठू लागला. स्वतंत्र झाला, हक्क मिळाले, मत मिळालं, आणि एकटा पडला. नवं युग त्याला फुकट मिळालं नाही. गार्डसाहेब म्हणाले, म्हणजे माझा ब्रेकव्हॅन आधुनिक काळातला म्हणायचा. मी म्हटलं, आणि माझ्या या दोन खोल्याही. आम्ही दोघंही हसलो. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि ते गेल्यावर तितकंच वाईट.

परीक्षेचं केंद्र त्यांनी झाशी भरलं नाही. मी इथे शिकवते, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून उरई भरलं. माणूस असा सरळ. आणि त्या सरळपणामुळेच पुढचं सगळं झालं.

विद्यापीठ आम्हाला तपासायला उत्तरपत्रिका पाठवी. इकडे त्यांना कॉपी म्हणतात. आपल्या गावच्या आपल्याकडे येत नाहीत, बाहेरच्या येतात. नंबर झाकलेला, वर नुसता सांकेतिक आकडा. एप्रिलच्या अखेरीला बंडल आलं. मी जमिनीवर चटई टाकून, पंखा लावून बसले. बंडलाच्या मध्यावर ती कॉपी होती.

पहिल्याच पानावर मला कळलं. मराठी वळणाचं हिंदी. आणि मजकूर: कागद दारावर ठोकला असे सांगतात, पण ठोकताना पाहिलेला साक्षीदार मिळत नाही. छापखाना नसता तर तो कागद त्या गावातच राहिला असता. फ्रान्सची क्रांती भाकरीपासून सुरू करून माणसाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यापर्यंत त्यांनी अशी नेली होती की एकही स्टेशन सुटलं नव्हतं. बंडलातली सगळ्यात चांगली कॉपी होती ती. माझ्या आयुष्यात तपासलेल्या चांगल्या कॉप्यांपैकी एक. मी गुण दिले.

आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी आडवी रेघ, रेघेखाली वेळ, आणि वेळेपुढे सही. ‘भा. ने.’ पाच उत्तरं, पाच सह्या.

वीस वर्षांची सवय. नोंद संपली की वेळ टाकून सही करायची. पर्यवेक्षकाने पाहिलं नाही, त्यांना स्वतःला तर जाणवलंही नसेल. पण नियम असा की उत्तरपत्रिकेत नाव, सही, खूण काहीही असलं की ते पहचान-चिह्न. तपासणाऱ्याने वेगळ्या फॉर्मवर कळवायचं, पेपर रद्द होतो.

आता नीट सांगते, कारण इथेच माझी परीक्षा होती. मला तीन वाटा होत्या. पहिली, डोळेझाक करायची. ती मी दरवर्षी करत होते. अर्ध्याअधिक कॉप्यांवर श्री नाहीतर ॐ असतो, कुणी बजरंगबलीचं नाव घालतो, एकाने तर आतल्या पानावर स्वतःचा रोल नंबर लिहिला होता. मी कधी फॉर्म भरला नाही. दुसरी, हा उमेदवार माझ्या ओळखीचा आहे असं लिहून कॉपी परत करायची. हे तर माझं कर्तव्यच होतं. दुसऱ्या कुणी तपासली असती, बहुतेक सह्यांकडे बघितलंही नसतं. तिसरी, फॉर्म भरायचा.

मी फॉर्म भरला.

स्वतःला म्हटलं, नियम तो नियम. पाहिलं ते लिहायचं, हे मला याच माणसाने शिकवलं. अगदी ताठ मानेने लिहिलं, पान क्रमांकासकट. ओळखीचा आहे हे मात्र लिहिलं नाही. कॉपी वेगळ्या लिफाफ्यात घालून दुसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. परत येताना बाजारात कैऱ्या दिसल्या. घेतल्या. गार्डसाहेबांना मेथांबा आवडायचा. आणि पिशवी घेऊन जिना चढताना मला हलकं वाटलं. आणखी एक वर्ष येतील, असं मनात आलं. ते हलकं वाटणं मला आजही सलतं. तेव्हाच मला समजलं होतं मी काय केलं आहे ते. समजूनही लिफाफा थांबवायला परत पोस्टात गेले नाही.

निकाल लागला. ते कागद घेऊन आले. बाकी सगळे विषय पास, युरोपचा पेपर रद्द, कारण दिलेलं. मला दाखवताना हसत होते, पण हसणं ओठांच्या पुढे जात नव्हतं. म्हणाले, सही माझीच, दोष माझाच. मग म्हणाले, ‘कुणी तरी कडक माणूस होता, ताई. पाचही सह्या पकडल्या. असा माणूस गार्ड झाला असता तर नाव काढलं असतं.’

मी त्यांच्या ताटात मेथांबा वाढला.

पुढच्या वर्षी ते पुन्हा बसले. त्या वर्षासारखं वर्ष माझ्या आयुष्यात आलं नाही. सगळा युरोप आम्ही पुन्हा एकदा चालून गेलो. पास झाले, चांगल्या गुणांनी. पण त्या फेब्रुवारीत पंचेचाळिशी उलटली होती आणि मास्तराची जागा त्यांच्याहून लहान माणसाला गेली. ते पेढे घेऊन आले. पदवी तर झाली, म्हणाले. ब्रेकव्हॅनमध्ये बसणारा बी.ए. मीच असेन.

त्यानंतरही ते पाच वर्षं येत राहिले. परीक्षा नव्हती, तरी रेस्टच्या दिवशी यायचे. रशियातली क्रांती, दोन महायुद्धं, काही ना काही काढायचे. या पाच वर्षांत गावी त्यांची आई गेली, तेव्हा ते वाटेत कुठल्याशा स्टेशनात गाडी घेऊन उभे होते. तार दुसऱ्या दिवशी मिळाली. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. लग्नाला पोचले ते अक्षता पडायच्या तासभर आधी. हे सगळं ते मला सांगायचे, दुसरं कोण होतं त्यांना इथे. मी ऐकायचे. दर वेळी वाटे, आज सांगून टाकावं. दर वेळी चहा ठेवायला उठे.

मग त्यांना म्युच्युअल मिळाली. म्हणजे भुसावळकडचा कुणी गार्ड झाशीला यायला तयार झाला आणि दोघांची अदलाबदल झाली. निघायच्या दिवशी दुपारी ते निरोप घ्यायला आले. माझ्यासाठी साडी आणली होती, बायकोने पाठवलेली. तुमच्यासारखं माणूस भेटलं म्हणून झाशीत दिवस निघाले, म्हणाले. एकाच गोष्टीचं वाईट वाटतं, ते एक वर्ष वाया गेलं नसतं तर आई भेटली असती.

हे ऐकल्यावर मला ती साडी हातात धरवेना. मी ती टेबलावर ठेवली आणि सांगितलं. कॉपी माझ्याकडे आली होती, पहिल्या पानावरच ओळखली होती, फॉर्म मीच भरला.

चौकशीत विचारतात तसं त्यांनी शांतपणे विचारलं, ‘दुसऱ्या कुणाच्या खुणा तुम्ही कधी सोडल्या होत्या?’

‘दर वर्षी,’ मी म्हटलं.

‘मग माझ्याच का पकडल्या?’

नियम, कर्तव्य, सगळं जिभेवर तयार होतं. पण त्या माणसापुढे ते बोलवेना.

‘तुम्ही गेला असता,’ मी म्हटलं. ‘मग मी मराठीत कुणाशी बोलले असते?’

चहावर साय धरली. खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ते उठले, पिशवी घेतली, दारात बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, दोन्ही पायांच्या, सावकाश. मी मागे उभी होते. त्यांनी शिवी दिली असती तर मी ती घेतली असती.

उभं राहून त्यांनी हात जोडले. सात वर्षं हा माणूस माझ्याशी मराठीशिवाय बोलला नव्हता.

‘अच्छा मैडमजी,’ ते म्हणाले, ‘चलते हैं.’